मशीनच्या यादीतली तिसरी ओळ

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलोय. स्वतः कधी लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर वाचतानाही माझं अर्धं लक्ष ‘हे झालं कसं असेल’ याकडेच असायचं. वायरिंग, मांजर, अर्धवट झोप, ताप... काहीतरी निघायचंच. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आज आहे का, तर तेही म्हणवत नाही. जे झालं ते सांगतो. आधीच सांगून ठेवतो — यात रात्र नाही, पैंजण नाहीत, पिंपळ नाही. सगळं दिवसाउजेडी झालंय आणि एका जुन्या कॉम्प्युटरवर झालंय.

सांगायला वेळ लागला, कारण हे सांगायचं तर माझं स्वतःचं एक सांगावं लागतं. ते वगळून लिहून पाहिलं. जमत नाही.

मी बनारसचा. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, असे आम्ही इथले पिढ्यानपिढ्यांचे. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. माझे अप्पाकाका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, ब्रह्मा घाटाच्या गल्लीत राहायचे. वेदपाठी. जवळच्या पाठशाळेत त्यांनी उभी हयात शिकवलं. माझी मुंज झाल्यावर मलाही त्यांच्यापुढे बसवलं होतं, पण मी पुढे गेलो नाही. काकांनी त्यावर कधी शब्द काढला नाही. उलट कोणी आलं की सांगायचे, “हा आमचा श्रीकांत. शंभर यंत्रं एकटा सांभाळतो.” शंभर कुठली... पण मी दुरुस्त करत नसे.

निवृत्त झाल्यावर काकांनी एक काम हातात घेतलं. आमच्या शाखेचा घनपाठ — म्हणजे मंत्रातले शब्द पुढेमागे फिरवत म्हणायची पद्धत — अख्खा रेकॉर्ड करून ठेवायचा. आमच्या घराण्याच्या म्हणण्यात काही जागा वेगळ्या आहेत. त्या काकांच्या वडिलांकडून काकांकडे आलेल्या. काकांकडून त्या घेतलेला आता एकच माणूस उरला होता, विनायक. चाळिशीतला, पाठशाळेत शिकवणारा. पण त्यांच्यात एक रीत आहे. शिष्याने म्हटलेलं गुरूने सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय शिष्याने ते पुढे शिकवायचं नाही. विनायकचं शेवटचा अध्याय सोडून सगळं ऐकून झालं होतं. काका म्हणाले होते, आधी मी तो अध्याय रेकॉर्ड करतो, तू ते ऐकून घोट, मग माझ्यापुढे म्हण.

रेकॉर्डिंगसाठी मीच मशीन दिलं होतं. लॅबमधून बाद झालेलं, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं. लहुराबीरला एक स्टुडिओ बंद पडला होता, तिथून काकांनी जुनं साउंड कार्ड आणि माइक आणला. ते कार्ड इतकं जुनं की त्याचा ड्रायव्हर, म्हणजे मशीनला ते कार्ड वापरायला शिकवणारा छोटा प्रोग्राम, मला हाताने बांधावा लागला. बांधला. छान चालला.

इथे थोडं समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा असतो त्याला कर्नेल म्हणतात. लिनक्समध्ये अधूनमधून नवं कर्नेल येतं, पण जुनी सगळी आपोआप जातातच असं नाही, शेजारी पडून राहतात. मशीन सुरू करताना पडद्यावर यादी येते, एका ओळीला एक कर्नेल. तुम्ही काही केलं नाहीत तर सगळ्यात वरचं, म्हणजे नवं, सुरू होतं. माझा ड्रायव्हर फक्त एका जुन्या कर्नेलवर चालायचा. म्हणून काकांना मी सांगून ठेवलं होतं, “काका, दर वेळी बाण खाली खाली न्यायचा आणि सगळ्यात खालची ओळ घ्यायची.”

काका म्हणाले, “तुझ्या यंत्राची मुंज करायला हवी श्री. रोज तेच सांगावं लागतं.”

पण रोज सांगायचे. कधी चुकले नाहीत.

आता दुसरी गोष्ट. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या — या तिथींना वेद म्हणत नाहीत, शिकवत नाहीत. अनध्याय. त्या दिवशी काका मशीनला हात लावायचे नाहीत आणि काकू लावायच्या. त्यांची मुलगी वसुधा नागपूरला असते, तिच्याशी व्हिडिओवर बोलायला. काकू म्हणायच्या, “तुमचं रोजचं आहेच हो. अष्टमी माझ्या लेकीची.” काकूंना यादीबिदी माहीत नव्हती. बटण दाबायचं आणि चहा टाकायला जायचं. येईपर्यंत नवं कर्नेल सुरू झालेलं असायचं. बोलण्यापुरता मशीनचा आपला साधा माइक-स्पीकर पुरायचा, ते कार्ड लागत नसे.

एक दिवस काकूंचा फोन आला. मशीनवर लाल अक्षरं येतात, काहीतरी भरलं म्हणतंय. मला कळलं. कर्नेल ठेवायला डिस्कवर छोटा कप्पा असतो, तो तुडुंब भरला की नवं काही घेता येत नाही. जुनी काढायला हवीत. मी मुद्दाम अनध्याय बघून गेलो, काकांच्या कामात खोळंबा नको म्हणून. मैदागिनला रिक्षा सोडली आणि चालत गल्लीत शिरलो. काका घरी नव्हते, घाटावर कोणाकडे गेले होते. काकूंनी मशीन लावून ठेवलेलं.

जुनी कर्नेलं सुरक्षितपणे काढायचे नियम मी दर वर्षी पोरांना शिकवतो. आधी मशीनला विचारायचं, आत्ता कोणतं चालू आहे. चालू असलेलं कधीही काढायचं नाही. त्याच्या आधीचं एक हाताशी ठेवायचं, न जाणो नवं रुसलं तर. बाकीची नाव घेऊन एकेक काढायची. शेवटी सुरुवातीची यादी नव्याने बांधायची. मी विचारलं. मशीन म्हणालं, सगळ्यात नवं चालू आहे. बरोबरच होतं — काकूंनी लावलं होतं ना. ते ठेवलं, त्याच्या आधीचं ठेवलं. बाकी सगळी निवडली.

काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “त्यांना विचारून घे की रे. येतीलच एवढ्यात.”

मी म्हणालो, “यात काकांना काय विचारायचंय, काकू?”

आणि एंटर दाबलं.

ड्रायव्हरचं माझ्या डोक्यातच नव्हतं. मीच बांधलेला, मीच सांगितलेलं... वर्षं झाली होती. नियम सगळे पाळले होते. कप्पा मोकळा झाला. काकूंनी वसुधाला फोन लावला. मी चहा घेऊन निघालो.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन. “श्री, खालची ओळ घेतली. पण माइकचं काही उमटत नाही, कार्ड मुकं आहे.”

गेलो. काका, विनायक आणि पुण्याहून आलेले कोणी पाहुणे बसले होते. यादीत दोनच ओळी. बघताक्षणी सगळं समजलं. काका पाहुण्यांना सांगत होते, “आता बघा, हा आला की पाच मिनिटांत होतं.”

मी खाली वाकलो, कॅबिनेट उघडलं, कार्डाला बोट लावल्यासारखं केलं. आणि म्हणालो, “कार्ड गेलं, काका. जुनं होतं.”

काका म्हणाले, “असं.” मग जरा वेळाने, “वस्तूलाही वय असतंच.”

बस्. एवढंच. शेवटचा अध्याय राहिला होता.

दुरुस्त करता आलं नसतं असं नाही. तेच जुनं कर्नेल परत बसवायचं, ड्रायव्हर परत बांधायचा. एका रविवारचं काम. पण कार्ड गेलं म्हणून सांगितल्यावर तेच कार्ड पुन्हा चालू कसं करणार? दुसरं कार्ड आणलं म्हणावं, तर काकांनी स्वतः आणलेली वस्तू, त्यावरचा डागही त्यांना पाठ. मग ‘बघतो’ म्हणालो. विनायकने दोनदा विचारलं, दोन्हीदा ‘बघतो’. विनायकच्या फोनवर काकांनी एकदा म्हणून पाहिलं. फोन लांबलेला स्वर शेवटाला खाऊन टाकायचा, आवाज स्वच्छ करायला जातो ना तो. काकांनी ऐकलं आणि फोन परत दिला. “याला वाटतं मी गोंगाट आहे.” विनायकला म्हणाले, “आधी कार्डाचं होऊ दे, मग तुझं ऐकतो.”

थंडीत काकांना दम लागायला लागला. मी भेटायला गेलो तेव्हा उशीला टेकून बसले होते. म्हणाले, “तसलं कार्ड कुठे मिळतं का रे?”

“नाही मिळत, काका.”

“असू दे.”

फाल्गुनात गेले. विनायकचा अध्याय ऐकायचा राहिला तो राहिलाच.

इथपर्यंत माझं. आता ज्यासाठी हे सदर आहे ते.

दिवसपाणी झाल्यावर महिन्याभराने काकूंनी बोलावलं. रेकॉर्डिंग पाठशाळेला द्यायचं होतं, विनायकने हार्ड डिस्क आणून ठेवली होती. मी मशीन लावलं. सकाळ होती. खिडकीच्या जाळीवर नेहमीप्रमाणे माकडं.

यादी आली. तीन ओळी.

मी पाहत राहिलो. तिसरी ओळ त्या जुन्या कर्नेलची होती. नंबर ओळखीचा, मी बांधलेल्या ड्रायव्हरच्या फोल्डरला तोच नंबर दिलेला होता. पहिल्यांदा मनात आलं, यादी नीट बांधली गेली नसेल, नाव उरलं असेल. असं होतं कधीकधी. नाव असतं, माल नसतो. ती ओळ घेतली की मशीन ‘फाइल सापडली नाही’ म्हणून थांबतं. म्हणून घेतली.

थांबलं नाही. सुरू झालं. कार्डाचा छोटा हिरवा दिवा लागला.

मशीनला विचारलं, कोणतं चालू आहे? जुनं, म्हणालं. कप्पा उघडून पाहिला. तिथे दोनच कर्नेलं होती, मी ठेवलेली. बसवलेल्या पॅकेजांत शोधलं, नाही. ड्रायव्हरचं फोल्डर शोधलं, नाही. म्हणजे चालतंय ते डिस्कवर कुठेच नाही. आता जाणकार म्हणतील, चालू असताना काढलेलं कर्नेल बंद करेपर्यंत चालत राहतं. बरोबर. पण हे मशीन मधल्या काळात किती वेळा बंद होऊन सुरू झालं, बनारसच्या लाइटीला विचारा.

रेकॉर्डिंग डिस्कवर उतरवलं आणि काकूंना काही न बोलता घरी आलो. मला एक बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, सापडला होता, इतकंच वाटत होतं.

पुढच्या वेळी पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून अख्खी डिस्क धुंडाळली, ते कर्नेल कुठेच नव्हतं. कॅबिनेट उघडून बघितलं, दुसरी डिस्क कोणी लावली असेल तर. कोण लावणार... नव्हतीच. पेनड्राइव्ह काढून परत साधं सुरू केलं — तीन ओळी. फोनवर फोटो काढला. तो अजून आहे माझ्याकडे.

फोटो कॉलेजात तिवारीला दाखवला. तिवारी माझा जुना सहकारी, या विषयात माझ्यापेक्षा पुढे. तो हसला. “गुरु, ऐसा फोटो तो हमारे फर्स्ट इयर के लड़के बना देंगे.” त्याचंही बरोबर होतं. म्हणून रविवारी त्याला घेऊन गेलो.

मशीन लावलं. दोन ओळी.

बंद करून परत लावलं. दोनच.

तिवारी खुर्चीत मागे टेकला. “का गुरु, भूत दिखाने के लिए छुट्टी के दिन बुलाए थे?”

मी तिसऱ्यांदा बटणाकडे हात नेला, तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, “अरे आज अष्टमी आहे. आज त्यांचं कसं लागेल?”

मराठीत बोलल्या, तिवारीला कळलं नाही. तो कचोरी खाऊन गेला. काकूंनाही विशेष काही म्हणायचं होतं असं नाही. अष्टमीला काका मशीन लावत नसत, एवढंच त्यांच्या डोक्यात. मी मात्र तिथेच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी नवमी. कॉलेजातून परस्पर गेलो. तीन ओळी.

त्यानंतर मी हे जितक्या शांतपणे तपासता येईल तितकं तपासलं. दोन पक्ष जातच राहिलो. काकूंना वाटलं, पुतण्याला काकांची आठवण येते. येत होती, पण त्यासाठी जात नव्हतो. अनध्यायाच्या तिथीला दोन ओळी, इतर दिवशी तीन. मशीनचं घड्याळ मागेपुढे करून पाहिलं, फरक नाही. नेटची वायर काढून पाहिलं, फरक नाही. एका सकाळी माझ्या मोबाइलवरच्या पंचांगात प्रतिपदा पहाटेच संपलेली दिसत होती, म्हणून मी तीन ओळी धरून गेलो. दोनच आल्या. काकूंना सहज विचारलं तर म्हणाल्या, “आपल्या पंचांगात आज प्रतिपदाच आहे. त्या मोबाइलचं काय घेऊन बसलास.” भिंतीवर काकांचं पंचांग होतं. पाहिलं. प्रतिपदाच.

मशीन मोबाइलचं मानत नव्हतं, काकांच्या भिंतीवरचं मानत होतं. यापलीकडे हे वाक्य मला नीट लिहिता येत नाही.

मधेच एका दशमीला विनायक आला. मी मशीनपुढे होतो. त्याची नजर कार्डाच्या दिव्यावर गेली.

“हे चालतंय?”

मी म्हणालो, “चालतंय.”

तो जवळ येऊन बसला. मग म्हणाला, “श्रीकांतदादा, मी पोरांना शेवटचा अध्याय शिकवत नाही. माहीतच आहे तुम्हाला. या वर्षीची बॅच तशीच जाईल. मागचीही तशीच गेली. मला पाठ आहे, पण गुरुजींनी ऐकलेला नाही.” मग खाली बघत म्हणाला, “त्यांच्याच यंत्रापुढे म्हटला तर? ऐकणं होईल का नाही, मला माहीत नाही. निदान म्हणून तरी होईल.”

काकू परातीत मेथी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, “म्हण की. आसन आहे अजून त्यांचं. झटकून घे.”

विनायक हातपाय धुवायला गेला, आला, आसन घातलं. मी माइक जुळवत होतो. हेडफोन गळ्यात. तेव्हा त्याने विचारलं, अगदी सहज, “मग तेव्हा बिघडलं काय होतं?”

आणखी एकदा ‘बघतो’सारखं काहीतरी म्हणता आलं असतं. लूज कॉन्टॅक्ट म्हटलं असतं तरी भागलं असतं. माझ्या तोंडात ते आलंही होतं. पण दिवा लागलेला होता... का कोण जाणे, म्हणालो नाही.

“काही बिघडलं नव्हतं,” मी म्हणालो. “ज्या कर्नेलवर हे कार्ड चालायचं ते मी काढून टाकलं. न विचारता. मग सगळ्यांसमोर लाज वाटली म्हणून कार्ड गेलं सांगितलं. नंतर दुरुस्त करता आलं असतं. केलं नाही.”

विनायक आसनावर बसला होता तसाच बसून राहिला. काकूंचा हात थांबला, परत चालू झाला. काड्या एकीकडे, पानं एकीकडे.

मग त्या म्हणाल्या, “तेव्हाच सांगितलं असतंस तर रागावले असते.” थांबल्या. “तासभर.”

एवढंच म्हणाल्या. आजपर्यंत त्यावर दुसरं काही म्हणाल्या नाहीत.

विनायकने डोळे मिटले. म्हणाला, “लावा.”

मी लावलं. तो म्हणू लागला. हेडफोनमध्ये फक्त त्याचा आवाज, मागे कुठेतरी लांब नावेचं इंजिन. सगळं रेकॉर्डिंग नंतर कितीदा तरी ऐकलंय. त्यात त्याच्याशिवाय कोणी नाही, हे मुद्दाम सांगतो. एका जागी तो मध्येच थांबला, दोन शब्द मागे गेला, परत घेतलं आणि पुढे गेला. संपल्यावर रेकॉर्डिंग थांबवून मी विचारलं, “तिथे का थांबलास? बरोबर तर वाटत होतं.”

“शिकवताना गुरुजी तिथेच थांबवायचे,” तो म्हणाला. “आज नाही थांबवलं असं कसं म्हणू?”

सवयीने थांबला असेल. मी तसंच धरलंय.

मशीन बंद केलं. दुसऱ्या दिवशी एकादशी. मी सकाळीच गेलो. यादी आली. दोन ओळी.

द्वादशीला दोन. त्रयोदशीला दोन. त्यानंतर आजपर्यंत दोनच. कार्डाचा दिवा परत लागला नाही. विनायकने केलेलं रेकॉर्डिंग डिस्कवर आहे, ते त्याच कार्डातून आलेलं आहे, आणि ते कार्ड ज्या कर्नेलवर चालतं ते त्या मशीनवर नव्हतं. तिवारीला ऐकवलं तर म्हणाला, आवाज अच्छा है. तिसऱ्या ओळीबद्दल त्याने काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. विनायकने त्या चातुर्मासात पोरांना शेवटचा अध्याय द्यायला सुरुवात केली. त्याचं त्याच्यापुरतं ऐकणं झालं. चांगलं झालं.

माझं काय, ते मला कळायला मार्ग नाही. कारण त्या दशमीला मी एक चूक केली, जी माझ्या लॅबमधल्या नवशिक्यालाही मी करू देत नाही. मशीन विचित्र वागत असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग बघायचं. दोन एकदम बदलल्या तर कशाने काय झालं हे कायमचं कळत नाही. त्या दिवशी विनायकने अध्याय म्हटला आणि मी खरं सांगितलं, दोन्ही एकाच बैठकीत. नुसता अध्याय झाला असता तर तिसरी ओळ गेली असती का? मी नुसतं सांगितलं असतं तर? काका शिष्यासाठी थांबले होते की... पण ‘काका थांबले होते’ हेही मी लिहायला नको. एक कर्नेल होतं, जे नव्हतं. तेवढंच मला माहीत आहे. स्पष्टीकरण नाही. कोणा जाणकाराला सुचलं तर जरूर सांगा, मी फोटो पाठवीन.

गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. परत लाल अक्षरं, परत काहीतरी भरलं म्हणतंय. गेलो. मधल्या काळात नवी कर्नेलं येऊन साचली होती. आता त्या मशीनवर काकू वसुधाशी बोलतात, बाकी कोणी काही करत नाही. चालू कोणतं ते विचारलं. ते ठेवलं, आधीचं एक ठेवलं. बाकीची निवडली. काकू भाजी आणायला खाली गेल्या होत्या. खोलीत मी एकटा. आसन गुंडाळून कोपऱ्यात उभं.

“काका,” मी म्हणालो, “यातलं काही लागतं का?”

थोडा वेळ थांबलो. मग एंटर दाबलं.